बर्फ उपसायचे किती घ्याल?

१२ मार्च १८८८, सोमवार. न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवशी पाऊस पडत होता. रात्रीत त्याचं बर्फ झालं आणि सकाळी अनेकांची दारं उघडेनात. घोड्यांच्या ट्राम रस्त्यात अडकल्या, पुलांवरून धावणाऱ्या रेल्वे थांबल्या, तारांचे खांब आडवे झाले. त्या संध्याकाळी वॉल स्ट्रीटवरच्या कचेरीतून रॉस्को कॉन्कलिंग नावाचा अठ्ठावन्न वर्षांचा वकील बाहेर पडला. माणूस साधासुधा नव्हता. न्यूयॉर्कचा माजी सिनेटर, रिपब्लिकन पक्षातलं एके काळचं मोठं प्रस्थ, सर्वोच्च न्यायालयातलं न्यायाधीशपद चालून आलं तरी ते नाकारलेला. त्याला सुमारे तीन मैलांवर, मॅडिसन स्क्वेअरजवळच्या आपल्या क्लबात पोचायचं होतं.

एक घोडागाडीवाला यायला तयार झाला. भाडं सांगितलं ५० डॉलर.

तेव्हा साध्या मजुराला दिवसाला दीडेक डॉलर मिळायचा. म्हणजे तीन मैलांसाठी महिन्याभराची मजुरी. कॉन्कलिंगला पैशांची ददात नव्हती, पण ही लूट त्याला मंजूर नव्हती. तो चालत निघाला. सोबतचा एक तरुण वकील वाटेतल्या हॉटेलात थांबला, हा पुढे गेला. युनियन स्क्वेअरमध्ये बर्फाच्या ढिगात छातीपर्यंत रुतला, कसाबसा सुटला आणि जवळजवळ तीन तासांनी क्लबच्या दारात पोचून कोसळला. नंतर आजारी पडला आणि १८ एप्रिलला गेला. मॅडिसन स्क्वेअरच्या बागेत आज त्याचा पुतळा आहे.

ही गोष्ट अमेरिकेत सहसा हट्टी म्हाताऱ्याची गोष्ट म्हणून सांगतात. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्या गाडीवाल्याचंच कुतूहल वाटलं. पन्नास हा आकडा त्यानं कुठून काढला असेल? त्या वादळात कितीतरी घोडे रस्त्यावर मेले. त्याचा घोडा मेला असता, तर त्याचा धंदाच बुडाला असता. म्हणजे पन्नासात घोड्याच्या जिवाची जोखीम होती की समोरच्याच्या कोटाची किंमत? की दोन्ही?

मला हा प्रश्न पडायला कारण होतं. काही महिन्यांपूर्वी तो पन्नासचा आकडा मीच काढला होता.

*

मी बफलोमध्ये राहतो. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाचं, ईरी सरोवराच्या काठावरचं शहर. पुण्यात इंजिनिअरिंग केलं, इथे एम. एस. केलं आणि इथेच एका छोट्या कंपनीत लागलो. कंपनीचं ॲप सोपं होतं. तुमच्या घरापुढे बर्फ साचलं की फोनवर बटण दाबायचं, जवळचा प्लाऊवाला, म्हणजे पिकअप ट्रकला पुढे पोलादी पातं लावून फिरणारा माणूस, येऊन ड्राइव्ह-वे साफ करून जाणार. किंमत ठरवणारा भाग माझ्याकडे होता. मूळ दर घ्यायचा, त्या भागात मागण्या किती आणि मोकळे ट्रक किती हे बघायचं आणि त्यानुसार दराला गुणायचं. पंधरा-वीस ओळींचं काम. वर मर्यादा घालायची का, असं मी विचारलं होतं. ‘बाजार ठरवेल,’ असं उत्तर आलं. मलाही ते पटलं. पटलं नसतं तरी मी काही बोललो असतो असं वाटत नाही.

माझ्या समोरच्या घरात एक पोलिश वंशाच्या आजी एकट्या राहतात. तेव्हा चौऱ्याहत्तरीच्या होत्या. त्यांचा नेहमीचा प्लाऊवाला त्या वर्षी म्हातारपणामुळे धंद्यातून निवृत्त झाला, म्हणून त्यांच्या फोनवर आमचं ॲप मीच घालून दिलं होतं. मोठ्या अभिमानानं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये वादळ आलं. बफलोचं बर्फ विचित्र असतं. सरोवराचं पाणी अजून उबदार असतं, त्यावरून थंडगार वारा येतो, बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर एका अरुंद पट्ट्यात ओतून जातो. शहराच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क आहे. तिथे चार दिवसांत सुमारे ८० इंच, म्हणजे साडेसहा फूट बर्फ पडलं. उत्तरेकडच्या उपनगरांत त्या मानानं किरकोळ. आमच्या दारात कमरेच्या वर होतं. बफलो बिल्स या इथल्या फुटबॉल संघाची घरची मॅच डेट्रॉइटला हलवावी लागली. खेळाडूंना विमानतळ गाठता यावा म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांच्या गाड्या फावड्यांनी मोकळ्या केल्या.

रस्ते उघडले त्या सकाळी मी खिडकीत कॉफी घेऊन उभा होतो. समोर आजी फावडं घेऊन बाहेर आल्या. मी घाईघाईनं ॲप उघडून बघितलं. एरवी ४५ डॉलरला होणारं काम २१० दाखवत होतं. गणित चोख होतं. मागण्या शेकडो, ट्रक मोजके.

आता आकडेमोड बघा. ड्राइव्ह-वे साधारण १२ मीटर लांब, ३ मीटर रुंद. त्यावर नुसतं एक फूट बर्फ पडलं, तरी जवळजवळ ११ घनमीटर होतं. थोडं दबलेलं बर्फ घनमीटरला १०० किलो धरलं तर ११०० किलो. हे एका फुटाचं. त्या दिवशी त्याच्या तिप्पट तरी होतं. फावड्यानं, गारठ्यात, कंबर वाकवून, चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

मी धावत खाली गेलो. “दोनशे दहा?” एवढंच त्या म्हणाल्या. रागानं नाही, आपण चष्मा नीट लावला नव्हता की काय, अशा सुरात. मी त्यांच्या हातातून फावडं घेतलं. तासाभरानं पलीकडचा शेजारी स्नो-ब्लोअर ढकलत आला आणि आम्ही दोघांनी मिळून ते काम संपवलं. त्याच वादळात ईरी काउंटीचे प्रमुख मार्क पोलोनकार्झ यांनी जाहीर केलं, की बर्फ उपसण्याच्या श्रमानं हृदय बंद पडून दोन माणसं गेली आहेत. ती बातमी मी दोनदा वाचली. आजींना त्यातलं काही सांगितलं नाही. दोनशे दहाचा आकडा कुणाचा, हेही नाही.

*

आपल्या आधी हा आकडा काढताना कोण कोण फसलं हे शोधायला मी लागलो, ते असं. पहिला धागा घरातच सापडला. बफलोचं सगळ्यात नावाजलेलं वादळ १९७७ सालचं. २८ जानेवारीला सुरू झालं. खरं तर त्या दिवसांत नवीन बर्फ फारसं पडलंच नाही. गोठलेल्या सरोवरावर आधीच साठलेलं बर्फ ताशी शंभर किलोमीटरहून वेगवान वाऱ्यानं उचलून शहरावर आणून टाकलं. एकोणतीस माणसं गेली, बरीचशी गाड्यांमध्ये अडकून. त्या हिवाळ्यात शहरात एकूण १९९.४ इंच बर्फ पडलं. तो विक्रम अजून मोडलेला नाही.

दोनच वर्षांनी, १९७८-७९ च्या हिवाळ्यात, घरं तापवायच्या तेलाचे भाव भडकले आणि १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं नफेखोरीविरुद्ध कायदा केला. अशा प्रकारचा तो अमेरिकेतला पहिला कायदा मानला जातो. बाजार एखाद्या आपत्तीनं विस्कटलेला असताना जीवनावश्यक वस्तू आणि सेवांची किंमत अवाच्या सवा वाढवायची नाही, असा त्याचा आशय. गंमत म्हणजे ‘अवाच्या सवा’ म्हणजे किती टक्के, हे त्यात लिहिलं नव्हतं. दुकानदाराचा स्वतःचा खर्च त्याच्या हाताबाहेर वाढला असेल, तर तेवढं सांगून त्याला सुटता येत होतं. बाकीचं न्यायाधीशाच्या विवेकावर सोडलं होतं.

मला आधी ही पळवाट वाटली. पुढे कळलं, की कायदा करणाऱ्यांनी साध्या माणसाच्या मनातला हिशेबच कागदावर उतरवला होता.

हा मनातला हिशेब मोजायचं काम तिघांनी केलं. डॅनियल कानेमान, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर. १९८४-८५ च्या सुमाराला तिघंही व्हँकुव्हर परिसरात होते आणि टोरांटो-व्हँकुव्हरच्या लोकांना फोन करून प्रश्न विचारत होते. त्यातला सगळ्यात गाजलेला प्रश्न फावड्याचा. एक हार्डवेअरचं दुकान बर्फ उपसायची फावडी १५ डॉलरला विकतंय. मोठं वादळ होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते किंमत २० डॉलर करतं. हे रास्त की अन्यायाचं?

१०७ जणांना विचारलं. ८२ टक्के म्हणाले, अन्यायाचं.

पाच डॉलरसाठी! अर्थशास्त्राच्या पुस्तकात तर उलटं लिहिलेलं असतं. मागणी वाढली, की किंमत वाढणार. किंमत वाढली नाही, तर पहिला येईल तो दोन फावडी उचलेल आणि ज्याला खरी गरज आहे त्याला एकही मिळणार नाही. हा युक्तिवाद चुकीचा नाही, हे लक्षात ठेवा. माझ्या पंधरा-वीस ओळी त्यावरच उभ्या होत्या.

पण त्याच पाहणीत दुसरा प्रश्न होता. वाहतुकीच्या घोळामुळे लेट्यूसचा तुटवडा झाला, घाऊक भाव गड्ड्यामागे ३० सेंटनं वाढला आणि वाण्यानंही ३० सेंट वाढवले. हे रास्त? ७९ टक्के म्हणाले, हो. म्हणजे किंमत वाढली यावर लोकांचा राग नव्हताच. ती कशामुळे वाढली, यावर होता. दुकानदाराला आपला ठरलेला नफा राखायचा हक्क आहे, हे लोक मानतात. गिऱ्हाइकालाही आपल्या नेहमीच्या किमतीचा हक्क आहे, असंही मानतात. वाण्याचा खर्च वाढला, तर गिऱ्हाईक भार उचलतं. पण फावडी आधीच येऊन पडलेली होती. दुकानदाराचं काहीच वाढलं नव्हतं, फक्त गिऱ्हाइकाची अडचण वाढली होती. अडचण विकायची नाही, एवढंच लोकांचं म्हणणं. धो-धो पावसात ‘मीटरवर पन्नास जास्त’ ऐकलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

हा निबंध १९८६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. कानेमानना २००२ मध्ये आणि थेलरना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. थेलर शिकले ते रॉचेस्टरमध्ये, बफलोपासून गाडीनं तासाभरावर. बर्फ त्यांना काही पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

*

आणि मग कॉन्कलिंगचा गाडीवाला परत आला. या वेळी फोनमध्ये.

डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडलं आणि उबरचं भाडं नेहमीच्या सात-आठपट झालं. लोकांनी बिलांचे फोटो सगळीकडे टाकले. कंपनीचा युक्तिवाद माझ्यासारखाच होता. भाडं वाढलं, की जास्त ड्रायव्हर घराबाहेर पडतात. जुलै २०१४ मध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल एरिक श्नायडरमन आणि उबर यांच्यात समझोता झाला. आधार तोच, १९७९ चा तेलाचा कायदा. यापुढे आणीबाणीच्या काळात भाडं मागच्या साठ दिवसांतल्या भाड्यांच्या पलीकडे जाणार नाही. त्यातलेही सगळ्यात महागडे तीन दिवस सोडून द्यायचे, चौथा आकडा ही कमाल मर्यादा.

एक इंजिनिअर म्हणून मला हे कलम फार आवडलं. ‘अवाच्या सवा’ या शब्दाचं त्यांनी चक्क कोड केलं होतं. आणि त्यात एक युक्ती होती. किंमत किती हे वादळाच्या दिवशी ठरत नाही. ती वादळाच्या आधीच्या दिवसांकडून उसनी घ्यायची.

मग मला दिसायला लागलं, की बर्फाच्या धंद्यात जिथे भांडणं कमी, तिथे सगळीकडे हीच युक्ती आहे. न्यूयॉर्क शहर रस्ते-क्रॉसिंग मोकळी करायला रोजंदारीवर माणसं घेतं. त्यांची नोंदणी हिवाळा लागायच्या आधी होते, तासाचा दर आधीच जाहीर असतो आणि आठवड्याला चाळीस तासांच्या वर दीडपट. जानेवारी २०२४ मध्ये बफलो बिल्सचं स्टेडियम बर्फात बुडालं, तेव्हा क्लबनं चाहत्यांना बोलावलं. तासाला २० डॉलर आणि खाणं. रांगेत उभं राहण्याआधी प्रत्येकाला आकडा माहीत होता.

घरांसाठी याचंच रूप म्हणजे सीझनचा करार. आजींच्या फ्रिजवर त्यांच्या जुन्या प्लाऊवाल्याच्या हातची चिठ्ठी अजून चुंबकानं लावलेली आहे. नोव्हेंबर ते एप्रिल, तीन इंचांच्या वर पडलं की येणार, सकाळी सातच्या आत, पूर्ण मोसमाचे इतके. पैसे ऑक्टोबरमध्ये. कोरडा हिवाळा गेला तर त्याचा फायदा, सलग वादळं आली तर आजींचा. ऑक्टोबरमध्ये दोघांनाही माहीत नसतं, की या वर्षी कोण जिंकणार. म्हणूनच त्या आकड्यावर दोघांचाही राग नसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा विमा आहे आणि हप्ता ठरवताना आभाळ निरभ्र असावं लागतं.

हा करार म्हणजे रामबाण उपाय नाही. साडेसहा फूट बर्फापुढे पिकअपचं पातं चालत नाही, लोडर लागतात आणि त्या नोव्हेंबरमध्ये सीझनचे पैसे भरलेली माणसंही दिवसेंदिवस वाट बघत बसली. शिवाय वर्षभराचा ठराव म्हणजे आपोआप न्याय, असंही नाही. हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको. गावगाड्यात सुताराला कामागणिक पैसे मिळत नसत. सुगीला धान्याचा वाटा मिळे. नांगर दोनदा मोडो की दहादा, बलुतं तेवढंच. कागदावर हाही सीझनचाच करार. पण महार वतनात काम कोणतं, किती आणि केव्हा याला सीमाच नव्हती आणि नको म्हणून निघून जायची सोय नव्हती. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं, त्याचा रोख इथेच होता. काम ठरवा, मोबदल्याची हमी द्या आणि ज्याला सुटायचंय त्याला सुटू द्या.

तेव्हा माझ्यापुरतं उत्तर असं झालं. रास्त किंमत म्हणजे एखादा आकडा नव्हे. तो आकडा अडचण यायच्या आधी ठरलेला हवा, त्यात काम मोजून सांगितलेलं हवं आणि दोघांनाही ‘नको’ म्हणता यायला हवं. कॉन्कलिंग आणि गाडीवाला यांच्यात यातलं एकही नव्हतं. म्हणायला ‘नको’ म्हणता येत होतं. त्या ‘नको’ची किंमत कॉन्कलिंगनं भरली.

*

मी कंपनीत टिपण दिलं. गुणकाला वर मर्यादा घाला, तीही आधी जाहीर करा आणि ऑक्टोबरमध्ये सीझनचे करार विका. मर्यादेवर बरीच चर्चा झाली. करारांवर फारशी नाही, कारण त्यात पैसे आधी येत असले तरी जोखीम आपली होते. पुढच्या उन्हाळ्यात कंपनीच बंद पडली. माझ्या टिपणामुळे नव्हे. उन्हाळ्यात बर्फाचं ॲप कोण उघडणार!

ऑक्टोबर २०२३ मध्ये एका संध्याकाळी आजींनी मला कॉफीला बोलावलं. गेल्या हिवाळ्यातल्या बाकीच्या वादळांत त्यांचा ड्राइव्ह-वे मीच साफ करत होतो. फुकट. मनातली टोचणी जरा कमी व्हावी म्हणूनही असेल. त्या सकाळचा आकडा माझा होता, हे शेवटी त्या दिवशी सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

“मग यंदाचे किती घेशील?”

“काहीच नको.”

“ते नाही चालायचं,” त्या म्हणाल्या. “फुकट करणाऱ्याला उशीर झाला तर बोलता येत नाही.”

मग आम्ही टेबलावर बसून घासाघीस केली. उलटी. मी कमी सांगत होतो, त्या वाढवत होत्या. तीन इंच, सकाळी सात, नोव्हेंबर ते एप्रिल. आकडा ठरला. मी दुसरी चिठ्ठी लिहिली आणि त्यांनी ती जुनीच्या शेजारी फ्रिजवर लावली.

जानेवारीत मोठं वादळ आलं. दुसऱ्या दिवशी मला उठायला उशीर झाला. सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.